चाळीस कॅसेटी, दोनशे रुपये

या प्रकरणात मी पक्षकार नाही, पण पुरता त्रयस्थही नाही. कॉलेज रोडला माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळांचे अल्बम, एकांकिकांचं पार्श्वसंगीत आणि निवडणुकीत रिक्षावर वाजणाऱ्या घोषणा, यांवर तो चालतो. ज्या ध्वनिकृतीवरून पुढचं सगळं झालं तिचं शेवटचं मिक्सिंग माझ्याच टेबलावर झालं आणि तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन्ही घरांच्या इच्छेनुसार नावं गाळली आहेत.

कृती करणारा मुलगा, त्याला इथे ध्वनिकार म्हणू, तिशीच्या आसपासचा. दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, रात्री हेडफोन. २०२२ साली गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तू मांडून बसलेल्या एकाकडून त्याने कॅसेटींचं खोकं उचललं. चाळीस कॅसेटी, दोनशे रुपये. बहुतेक भक्तिगीतं आणि लग्नाचे बँड. एकीवर मात्र निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं: ‘आई – दिवाळी ८६’.

तिच्यातला स्पंजचा पॅड गळून पडला होता. बारीक स्क्रू काढून त्याने दोन्ही चकत्या दुसऱ्या कॅसेटीच्या खोक्यात बसवल्या आणि कॅसेट लावली. बावीस मिनिटं एक बाई जात्यावर ओव्या म्हणत होती. दगडाची घरघर, मधेच बांगड्यांचा आवाज आणि दर ओळीच्या शेवटी, जातं वळताना, गिळलेला श्वास. तो श्वास ऐकून हा मुलगा वेडा झाला. मीही झालो असतो.

वर्षभरात त्याने अठरा मिनिटांची कृती बांधली. तळाशी ओव्या, साठ टक्के वेगाने वाजवलेल्या. त्यावर तांबट आळीतली ठोक्यांची लय, गोदाघाटावर तालीम करणाऱ्या पथकाचा ढोल, लासलगावच्या कांदा लिलावातली बोली, नारोशंकराच्या घंटेचा कंप, आणि रामनवमीला काळाराम मंदिराबाहेर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये लाऊडस्पीकरवरून आपोआप शिरलेले गीतरामायणाचे चार सेकंद. एका छोट्या हॉलमध्ये पंचवीस-तीस जणांनी अंधारात बसून ती ऐकली. मग त्याने ती इंटरनेटवर टाकली, आणि उदार मनाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या आणि काहीही करा’ हा परवाना लावला. त्यात व्यावसायिक वापरही चालतो.

पुढच्या वर्षी दिंडोरीच्या बाजूच्या एका रिसॉर्टची रील आली. द्राक्षबाग, सूर्यास्त, ग्लासात ओतली जाणारी रेड वाईन, आणि खाली तो जाड, लांबलेला आवाज. कोपऱ्यात ध्वनिकाराचं नाव बारीक अक्षरात. परवाना पाळला होता बिचाऱ्यांनी.

तक्रार चुकीची होती

रील जेल रोडला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आली. घरातली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला इथे ताई म्हणतो. रील तिने आईला दाखवली. आईने दोनदा ऐकली आणि म्हणाली, “ही माझ्या आईची ओवी आहे. हा कोण बाप्या म्हणतोय?”

ओवी अशी:

कादवेच्या गं पाण्याला, दळण माझं सरलं
लेकीच्या गं वाटेवरी, डोळं माझं उरलं

वाटेवरची ती लेक म्हणजे ताईची आई. लग्न होऊन ती नाशिक रोडला आली तेव्हा तिच्या आईने जुळवलेली ही ओवी. म्हणजे कुटुंबाची पहिली तक्रार अशी होती: कुणा पुरुष गायकाने आमच्या आजीची ओवी चोरून गायली आणि ती दारूच्या जाहिरातीला विकली. आजी माळकरी होती, हेही त्यात आलंच.

ध्वनिकाराला फोन गेला तेव्हा त्याने स्वतःचा बचाव याच तक्रारीविरुद्ध केला. ओव्या कुणाच्या नसतात, त्या लोकांच्या असतात. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्याच एक लाखाच्या वर आहेत. एकच ओवी मुळशीला मिळते आणि मराठवाड्यातही. हे म्हणणं बहुतेक ओव्यांपुरतं बरोबर आहे. ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरू होणाऱ्या ओळीवर कुणी हक्क सांगू लागलं तर हसू येईल. पण कादवेची ओवी पारंपरिक साच्यात एका बाईने स्वतः बसवलेली. तिचं साहित्यकृती म्हणून रक्षण होतं आणि मुदत कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आजी १९९८ साली गेल्या. म्हणजे २०५८ अखेरपर्यंत ही ओवी त्यांच्या चारही मुलांची.

हे सगळं फोनवर, मोठ्या आवाजात. तोवर ध्वनिमुद्रण कुणाचं, हा प्रश्न दोन्हीकडून एकानेही विचारला नव्हता.

जेल रोडची संध्याकाळ

ध्वनिकाराने मला बरोबर नेलं. चहा आला, बिस्किटं आली, पण कुणी फारसं बोलेना. ताईंचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणत होतो, प्रेसमधून निवृत्त झालेले. (नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची आणि मुद्रांकांची, वर्तमानपत्राची नव्हे.) ध्वनिकार सांगू लागला, “काका, गाणारा पुरुष नाहीये, मी आवाज फक्त स्लो केलाय,” पण ते कुणाच्या पचनी पडेना. शेवटी मी लॅपटॉप उघडला.

वेग साठ टक्क्यांवर आणला की सूर जवळजवळ नऊ अर्धस्वर खाली जातो. २१० हर्ट्झच्या आसपास बोलणाऱ्या बाईचा आवाज १२६ वर येतो, म्हणजे सरळ पुरुषाच्या पट्टीत. उलट करायचं तर वेग १६६.६७ टक्के. मी आकडा टाकला आणि प्ले केलं.

ताईची आई ओट्यापाशी उभी होती. पहिल्या ओळीला तिने गॅस बंद केला. दुसऱ्या ओळीला ती बाहेर आली आणि लॅपटॉपच्या स्क्रीनकडे नव्हे, स्पीकरकडे बघत राहिली. आवाज आईचा आहे हे त्या क्षणी घरात पहिल्यांदा कळलं. आणि काका म्हणाले, “हे तर माझं टेपिंग आहे.”

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीत सासुरवाडीला टू-इन-वन घेऊन गेले होते. प्ले आणि रेकॉर्ड अशी दोन बटणं एकदम दाबायची. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. सासूबाई नुसतं म्हणायला तयार होईनात. म्हणाल्या, हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही, आणि रिकामं जातं ओढत नाहीत. म्हणून ओंजळभर बाजरी टाकली. काकांनी एवढंच विचारलं, “मधे पोरगी रडते, ते कुठं गेलं?”

ध्वनिकार खाली बघू लागला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर तान्हं मूल रडतं. त्याने ते ‘नॉइज’ समजून साफ केलं होतं. ते मूल म्हणजे ताई.

कॅसेट बाजारात कशी गेली? घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरचं खोकं रद्दीवाल्याला गेलं. कुणी दिलं यावर त्या घरात अजून एकमत नाही, आणि त्या वादात मी पडलो नाही.

कायद्याच्या नजरेतून तीच बावीस मिनिटं

कॅसेट विकत घेतली म्हणजे प्लास्टिक आणि टेप विकत घेतली. त्यावरच्या ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट वेगळा असतो आणि तो रद्दीबरोबर जात नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीनिशी. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. पंखा बंद करणारा माणूस. मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं. घरात पडून राहिलेली कॅसेट प्रकाशितच झालेली नाही, तर घड्याळ सुरूही झालेलं नाही. आणि कलम १४ प्रमाणे त्या मुद्रणाचा अंतर्भाव असलेलं दुसरं मुद्रण करण्याचा हक्क मालकाकडेच. सॅम्पलिंगची, म्हणजे दुसऱ्याच्या मुद्रणाचा तुकडा आपल्या कृतीत वापरण्याची, याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही, जरी ती लिहिणाऱ्यांच्या डोक्यात सॅम्पलर नसेल.

आता गाणारी बाई. तिच्या गाण्यामुळे ती कॅसेट कॅसेट आहे, पण १९८६ मध्ये आपल्या कायद्यात कलावंताचा सादरकर्ता म्हणून हक्कच नव्हता. अभिनेत्याला आपल्या अभिनयावर कॉपीराइट नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या प्रकरणात १९७८ साली सांगितलं होतं. सादरकर्त्यांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले, मे १९९५ पासून लागू झाले. सादरीकरणाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा नैतिक हक्क, म्हणजे कलम ३८ ब, तर २०१२ चा. बाईचा आवाज पुरुषी करणं ही मोडतोड नव्हे तर काय? पण ती बाई त्याच्या चौदा वर्षं आधी गेली, आणि तिचं मुद्रण त्याच्याही बारा वर्षं आधीचं. लेखकाच्या नैतिक हक्काच्या कलम ५७ मध्ये वारसांचा स्पष्ट उल्लेख आहे, ३८ ब मध्ये नाही. आम्ही ज्यांचा सल्ला घेतला त्या वकिलीणबाई म्हणाल्या, या कलमावर घर बांधू नका.

म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त लागलं त्या ताई आणि त्यांची आई यांच्या हाती आईच्या आवाजावर काही नाही, ओवीवर आहे. आवाजाच्या मुद्रणावरचा सगळा हक्क जावयाचा, कारण बटणं त्याने दाबली. हे ऐकून काका इतके अवघडले की म्हणाले, “मी कोण? मी तर पाहुणा होतो.”

ध्वनिकाराचा बचाव, आणि तो मला का पटला नाही

तो अभ्यासू आहे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये रेल्वेच्या आवाजांपासून रचना केली, तिथपासून त्याने सुरुवात केली. कॅनडाच्या जॉन ऑस्वाल्डचा ‘प्लंडरफोनिक्स’ हा, दुसऱ्यांची मुद्रणं कापून-जोडून नवी रचना करण्याविषयीचा, १९८५ चा निबंध त्याला जवळजवळ पाठ. ऑस्वाल्डने १९८९ मध्ये त्याच नावाची सीडी काढली, हजार प्रती, विकायला नाही, फुकट वाटायला; कॅनडाच्या रेकॉर्ड उद्योगाच्या दबावाखाली उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या. ‘मीही विकलं नाही,’ ध्वनिकार म्हणाला.

खरं आहे. पण ऑस्वाल्डने प्रत्येक स्रोताचं नाव छापलं होतं, आणि ज्याचा आवाज त्याने कापला तो मायकल जॅक्सन होता. वर, म्हणजे बड्यांच्या आवाजाला, हात घालणं आणि खाली, म्हणजे अनाम माणसांच्या आवाजाला, हात घालणं यात फरक आहे. आपल्या प्रकरणाच्या जवळचं उदाहरण दुसरंच आहे. सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईने गायलेली अंगाई ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने मुद्रित केली; १९७३ मध्ये ती युनेस्कोच्या तबकडीवर आली. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने ती नाचाच्या ठेक्यावर बसवली, जगभर वाजली, जाहिरातींत गेली, आणि पुष्कळांना ती आफ्रिकेतल्या पिग्मींची वाटत राहिली. गॅव्हिन ब्रायर्सने १९७१ मध्ये लंडनच्या एका बेघर म्हाताऱ्याच्या गाण्याच्या काही सेकंदांचा लूप करून त्यावर वाद्यवृंद चढवला. ती कृती मला आजही रडवते, आणि तो म्हातारा ती ऐकण्याआधीच गेला. दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याच्या मनात प्रेम होतं. प्रेमाबद्दल आमच्या मुलाविषयीही कुणाला शंका नव्हती.

त्याचा दुसरा मुद्दा: मी मूळ वस्तू इतकी बदलली की ती नवी कृती झाली. हा युक्तिवाद अमेरिकेतून येतो आणि तिथेही आता पूर्वीइतका ऐसपैस राहिलेला नाही. चित्रकार अँडी वॉरहॉलने लिन गोल्डस्मिथच्या छायाचित्रावरून केलेल्या, प्रिन्स या गायकाच्या चित्राबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ असा निकाल दिला, छायाचित्रकर्तीच्या बाजूने. आपल्या कलम ५२ मध्ये न्याय्य वापराचे हेतू मोजून दिलेले आहेत: खासगी वापर आणि संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त. नवी कलाकृती करणं त्या यादीत नाही.

‘थोडंसंच घेतलं’ हा मुद्दा तर त्याने मांडूच नये असं मी म्हटलं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये, एका वृत्तवाहिनी आणि चित्रपट कंपनीच्या वादात, अगदी क्षुल्लक वापराकडे कायद्याने दुर्लक्ष करावं हे तत्त्व मान्य केलं आहे. अमेरिकेत मॅडोनाच्या गाण्यातला ०.२३ सेकंदाचा हॉर्न २०१६ मध्ये असाच सुटला. उलट जर्मनीत क्राफ्टवेर्क या बँडच्या १९७७ च्या गाण्यातले दोन सेकंद वीस वर्षांहून जास्त काळ कोर्टात फिरले. आपल्या कृतीत कॅसेट आहे अकरा मिनिटं.

त्या तत्त्वाचा उपयोग गीतरामायणाच्या चार सेकंदांना होतो, आणि त्यांची उकल मजेशीर आहे. लाऊडस्पीकरवर जे वाजलं त्यात शब्द गदिमांचे, ते १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत हक्क. चाल सुधीर फडक्यांची, ते २००२ मध्ये गेले, म्हणजे २०६२. मुद्रणाची मुदत आणखी वेगळी, ती तबकडी बाजारात आल्यापासून ६० वर्षं. चार सेकंदांत तीन मालक. मंदिराबाहेरच्या गर्दीत ते इतके पुसट आहेत की मी ते राहू द्या म्हटलं. ध्वनिकाराने घाबरून काढून टाकले.

ढोलाच्या लयीवर कुणाचा हक्क नाही, पथकाने तोंडी दिलेला होकार नंतर कागदावर घेतला. लिलावाच्या बोलीचंही तसंच. घंटेचा प्रश्नच नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा. वकिलीणबाई म्हणाल्या, नाशिकमधलं सर्वांत जुनं सॅम्पल तेच, आणि परवानगीचा कागद कुणी मागितलेला नाही.

पुढे काय केलं

रील उतरवणं सर्वांत निकडीचं होतं, आणि ते फक्त काका करू शकत होते. ध्वनिकाराने रिसॉर्टला लिहिलं तर उत्तर आलं, तुम्हीच तर परवाना दिलाय. बरोबरच होतं. मात्र जे आपलं नाही त्याचा परवाना देता येत नाही, म्हणून तो पहिल्या दिवसापासून पोकळ होता. मुद्रणाचा मालक म्हणून काकांनी लेखी तक्रार केली. नियमांप्रमाणे रील जिथे टाकली आहे त्या ऑनलाइन मंचाने ३६ तासांत मजकूर अडवायचा आणि कोर्टाचा आदेश आला नाही तर २१ दिवसांनी पुन्हा खुला करता येतो. तो कालावधी संपायच्या आत रिसॉर्टच्या जाहिरात संस्थेने आपणहून रील काढली. माफी मागितली नाही.

मालक सापडलाच नसता तर? त्यासाठी कलम ३१ अ आहे: कर्ता अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर अर्ज करून परवाना मागता येतो. आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. कादवेकाठच्या ओवीचा वारस शोधायला इंग्रजी दैनिक! पूर्वी हे काम कॉपीराइट बोर्डाकडे होतं, २०२१ पासून व्यापारी न्यायालयांकडे आहे. मला विचाराल तर बुधवारच्या बाजारात त्या विक्रेत्याला “हे खोकं कुठल्या भागातून आलं?” एवढं विचारलं असतं तरी अर्धं काम झालं असतं. रद्दीवाल्यांचे भाग ठरलेले असतात.

करार दोन करायचे ठरले. एक काकांशी, मुद्रणासाठी. दुसरा आजींच्या चारही वारसांशी, ओवीसाठी. वकिलीणबाईंनी मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहायला लावले, कारण लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो. पैशांवर पाच मिनिटंही गेली नाहीत. अख्खा तास गेला तो वेगावर. ताईंची आई म्हणाली, आईचा आवाज आईचाच राहिला पाहिजे. ध्वनिकार म्हणाला, वेग बदलला नाही तर माझी कृती उरत नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि तोडगा माझा नाही, ताईंचा: ओव्या मूळ वेगाने, आणि खाली संथ करायची ती फक्त जात्याची घरघर. दगडाला बाई-पुरुष नसतो. श्रेयात आजींचं पूर्ण नाव आणि गाव. जाहिरातीला कधीच नाही. कॅसेट घरी परत, सोबत डिजिटल प्रत.

ऐकायला नवी कृती जुनीपेक्षा साधी आहे. ध्वनिकाराला ती कमी धाडसाची वाटते, आणि खरं सांगायचं तर काही जागी मलाही. संथ आवाजातली ती भीती गेली. श्वास मात्र आता ऐकू येतो तिथेच येतो जिथे तो घेतला होता.

तिघा वारसांच्या सह्या झाल्या आहेत. धाकटे मामा गावी असतात. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, “आईला विचारल्यासारखं होतंय का हे?” असं विचारलं, आणि उन्हाळ कांदा चाळीत गेला की येतो म्हणाले. तोवर फाईल माझ्या ड्राइव्हवर आहे, तीन मिनिटं चाळीस सेकंदांवरचं रडणं परत जागेवर घातलेली.